घरचा ईव्ही चार्जर आणि लाइट गेल्यावर गाडीवर चालणारं घर: नाशिकहून रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढंच वाचून पुढं जा. भिंतीवरच्या चार्जरला पाचपैकी चार, तो बसवून देणाऱ्या एजन्सीला दोन (ते पण पोरं वेळेवर आली म्हणून), आणि गाडीतून घरासाठी लाइट काढायच्या व्हीटूएल अडॅप्टरला साडेचार. गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही ४५, घर पाथर्डी फाट्याकडं रो हाऊस, मीटर स्वतःचा, सिंगल फेज. चार्जरच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण या साइजचे बरेचसे डबे काम सारखंच करतात आणि त्रास झाला तो डब्याचा नाही, बसवण्याचा झाला. एजन्सीचं पण नाव नको, पोरं बिचारी शिकतायत.

शोरूममधे काय आणि ऑनलाइन काय, सगळा भर किलोवॅटच्या आकड्यावर असतो, ३.३, ७.४, ११, २२, आणि माणसाला वाटतं जेवढा आकडा मोठा तेवढी गाडी लवकर भरणार. तसं नसतं हो. एसीचं डीसी करून बॅटरीत भरणारं मशीन गाडीच्या आतच असतं. भिंतीवरचा डबा म्हणजे एक मोठा कॉन्टॅक्टर, थोडी सेफ्टी आणि गाडीशी बोलणारं एक सर्किट, बस. टाइप टू गनमधे (म्हणजे गाडीत खोचायचं चार्जिंगचं टोक) सात पिन असतात, त्यातल्या सीपी नावाच्या बारक्या पिनवर डबा १ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडतो आणि त्या सिग्नलच्या रुंदीवरून, म्हणजे प्रत्येक फेरीत तो किती टक्के वेळ चालू असतो त्यावरून, गाडीला कळतं की या लाइनवरून किती अँपिअर ओढायला परवानगी आहे. रुंदी साधारण २७ टक्के असली की १६ अँपिअर, ५३ टक्के असली की ३२. गाडी त्याच्यापेक्षा कमी ओढेल, जास्त ओढणार नाही. हे सगळं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणं ठरलेलं आहे त्यामुळं टाइप टू पोर्टच्या कारला, टाटा असो महिंद्रा असो एमजी असो की ह्युंदाई, दुसऱ्या कंपनीचा टाइप टू डबा सहसा बिनतक्रार चालतो. आमच्याकडं भावजी एमजीची गाडी घेऊन येतात, त्यांची पण याच गनवर चार्ज होते, फक्त आधी अ‍ॅपमधून कार्डाचं लॉक काढावं लागतं. "गाडीच्या कंपनीचाच चार्जर घ्या नाहीतर वॉरंटी जाईल" असं कोणी सांगत असेल तर त्याला म्हणा हे मेलवर लिहून दे.

खरी गोम फेजमधे आहे आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. माझ्या ओळखीत गोविंद नगरला एकानं ११ किलोवॅटचा थ्री फेज डबा घेतला, फ्युचर प्रूफ म्हणून, त्यासाठी मीटर थ्री फेज करून घेतला, आणि गाडी त्याची ७.२ किलोवॅटवाली. आता ११ किलोवॅट म्हणजे तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर. ७.२ वाली गाडी सिंगल फेजची असते, ती तीनमधला एकच फेज घेते, म्हणजे २३० गुणिले १६, साडेतीन किलोवॅटच्या आसपास. जास्त पैसे देऊन त्याची गाडी माझ्या निम्म्या स्पीडनं चार्ज होते! त्याच्या डब्यात फेजला ३२ अँपिअर देणारा २२ चा पर्याय असता तर ७.२ मिळाले असते, पण मग वायर, एमसीबी, मंजूर भार सगळंच वाढतं आणि गाडी तरी तेवढंच घेणार. ज्यांची गाडी खरंच ११ किलोवॅट एसी घेते, क्रेटा इलेक्ट्रिक किंवा महिंद्राच्या बीई ६ ची ११ वाली, त्यांना थ्री फेजचा फायदा आहे. बाकीच्यांनी गाडीच्या ब्रोशरमधे 'एसी चार्जिंग' समोरचा आकडा बघायचा आणि गप सिंगल फेज ३२ अँपिअरचा डबा घ्यायचा. माझी ४५ वाली १० टक्क्यांपासून १०० पर्यंत साधारण साडेसहा तासांत होते, रात्री अकराला लावली की सकाळी दूधवाल्याच्या आधी फुल. त्याच गाडीला सोबत आलेल्या १५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरवर पंधरा तासांच्या वर जातात, आणि खरं बोलायचं तर ज्यांचं रोजचं फिरणं सातपूर-अंबड-सिडको एवढंच आहे त्यांना तो पण पुरतो, डब्याची गरजच नाही. मी घेतला कारण आठवड्यातून मुंबई होते आणि कसारा घाट चढून परत आलं की बॅटरी बऱ्यापैकी खाली असते.

स्कूटरचं वेगळं. बायकोची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, मला वाटलेलं नव्हतंच पण बऱ्याच लोकांना वाटतं की एकच डबा दोघांना चालेल. टाइप टू गन बहुतेक स्कूटरींना बसत नाही. हलक्या गाड्यांसाठी भारताचं स्वतःचं कनेक्टरचं स्टँडर्ड २०२३ मधे आलंय, अथरच्या कनेक्टरवर आधारलेलं, पण घरी बहुतेक स्कूटरी आपला चार्जर साध्या प्लगमधेच लावतात. म्हणून डब्याशेजारी एक चांगल्या प्रतीचा १५ अँपिअरचा सॉकेट, वेगळ्या एमसीबीवर, त्याच वेळी काढून घ्या. नंतर परत भिंत फोडायला लावाल तर घरच्यांच्या शिव्या आहेतच.

आता एजन्सी. पोरं आली, ड्रिल, टेप, सगळं घेऊन, बोलायला पण गोड. मीटरपासून पोर्चमधल्या डब्यापर्यंत वायरिंगची वळणं धरून तीसेक मीटर अंतर. पॅकेजमधे ठरावीक मीटर वायर फुकट, वरची मीटरवर पैसे, तिथपर्यंत ठीक. पण त्यांनी जी वायर बाहेर काढली ती ४ स्क्वेअर एमएम. मी विचारलं अरे ३२ अँपिअर सहा तास सलग जाणार आहे, मिक्सर नाहीये, तर म्हणे "सर सगळीकडं हीच टाकतो, काही होत नाही." मी काम थांबवलं आणि आमच्या नेहमीच्या वायरमन काकांना फोन लावला, अंबडला कंपन्यांची कामं करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. काकांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून दाखवला, थोडं जास्तच, ४० मीटर धरून. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला जाऊन-येऊन पाव ओहमच्या जवळ रेझिस्टन्स, ३२ अँपिअरला ८ व्होल्ट पडतात, म्हणजे २५० वॅट वायरमधेच गरम होऊन जातात. ४ ला १२ व्होल्ट. आणि घरात सॉकेटला असते ती २.५ वापरली तर १९ व्होल्ट आणि ६०० वॅट, म्हणजे भिंतीच्या आत रात्रभर एक छोटी इस्त्री चालू. शेवटी ६ टाकली, फरकाचे पैसे मी दिले, पोरांनी तोंड वाकडं केलं पण टाकली. ज्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि पार्किंग लांबच्या टोकाला आहे त्यांनी तर हे आधी मोजाच, कधीकधी १० स्क्वेअर एमएम लागते आणि वायरचा खर्च डब्याच्या खर्चाशी बरोबरी करायला लागतो.

मग अर्थिंग. ईव्हीला अर्थिंग नसेल तर ती सरळ संप करते, डब्यावर लाल दिवा, चार्जिंग नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्या जुन्या घरांत अर्थिंग म्हणजे बिल्डरनं कधीतरी पुरलेला एक जीआयचा पाइप, मीठ-कोळसा टाकलेला, नंतर कोणी त्याच्याकडं बघितलेलं नसतं. त्यात आपल्याकडं जमीन कशी, वर थोडा मुरूम की खाली काळा पाषाण. पावसाळ्यात अर्थिंग छान लागतं आणि एप्रिल-मेमधे मुरूम कोरडा पडला की रेझिस्टन्स वर जातो. एजन्सीच्या पोरांनी मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधे व्होल्टेज बघितलं, ओके म्हणाले, फोटो काढला, विषय संपला. अर्थ टेस्टर त्यांच्याकडं नव्हताच. आणि उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं, रात्री चार्जिंग मधेच बंद, सकाळी बघतो तर गाडी साठ टक्क्यांवर. एजन्सीला फोन केला तर "सर लाइनचा प्रॉब्लेम आहे, वीजवाल्यांना सांगा." काकांनी येऊन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, चार्जिंग सुरू! तिथंच निदान झालं. मग स्वतंत्र केमिकल अर्थिंग करून घेतलं, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइटसारखी ओलावा धरून ठेवणारी पावडर, टेस्टरवर रीडिंग ५ ओहमच्या खाली आणून, आणि तेव्हापासून ती कटकट नाही. हे काम पहिल्याच दिवशी व्हायला पाहिजे होतं, एजन्सीच्या कापलेल्या तीन मार्कांतला मोठा हिस्सा इथं गेला.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, त्याच्याबद्दल पण तेच. घरात साधारण टाइप एसी बसवलेला असतो, ३० मिलीअँपिअरचा. ईव्हीच्या चार्जरमधून बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते आणि डीसी गळतीनं टाइप एसी सुस्त पडतो, वेळेला ट्रिपच होत नाही. एकतर डब्यातच ६ मिलीअँपिअर डीसी ओळखणारं सर्किट पाहिजे आणि बाहेर टाइप ए, नाहीतर मग टाइप बी, जो महाग आहे. माझ्या डब्यात ते सर्किट आहे, मॅन्युअलमधे लिहिलंय, पण बसवायला आलेल्या पोराला विचारलं तर त्याला टाइप ए आणि टाइप एसीतला फरक माहीत नव्हता. घेताना मॅन्युअल मागून वाचा.

डब्याला चार मार्क का, तर त्यात अँपिअर कमी-जास्त करता येतात, १०, १६, २०, ३२. ही सोय मी रोज वापरतो. घरात गीझर, एसी आणि गाडी एकदम चालू झाली तर मंजूर भार ओलांडतो आणि मेन एमसीबी पडतो, म्हणून संध्याकाळी १६ वर आणि सगळे झोपले की ३२ वर. महाग मॉडेलांत मेन वायरवर एक क्लिप लावतात ती घरचा लोड बघून आपोआप कमी-जास्त करते, बजेट असेल तर तीच घ्या. मी मंजूर भार वाढवून घेतला, अर्ज ऑनलाइन होतो. एक मार्क कापला तो अ‍ॅपमुळं, वायफाय गेलं की अ‍ॅपला डबा दिसत नाही, ब्लूटूथ आहे म्हणतात पण जोडायला तीन वेळा डोकं आपटावं लागतं. बिलाचं म्हणाल तर घरगुती मीटरवरच गाडी चार्ज करता येते, पण स्लॅब वर सरकतो हे ध्यानात ठेवा, ३०० युनिटच्या पुढं दर चांगलीच उडी मारतो. ज्यांच्याकडं नवीन टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणं दर लावणारा) लागलाय त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधे सवलत असते, घरून काम करणाऱ्यांनी गाडी दुपारी लावावी.

आता मजेचा भाग. आमच्याकडं लाइट जाते. वळवाचा पाऊस आला की हमखास, झाड पडतं, डीपीवर फ्यूज जातो, खोदकामात केबल तुटते. एकलहऱ्याला एवढं मोठं वीज केंद्र असून नाशकात लाइट जाते कशी, हा आमच्या अण्णांचा जुना प्रश्न, त्यांना किती वेळा सांगितलं की अण्णा ती वीज आधी ग्रिडमधे जाते आणि आपली अडचण चौकातल्या तारेत आहे. घरी इन्व्हर्टर आहे, एक १५० एएचची बॅटरी. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १.८ युनिट, आणि जुनी झाल्यावर हातात त्याच्याहून बरीच कमी येते. गाडीत ४५ युनिट. म्हणजे अशा पंचवीस बॅटऱ्या पोर्चमधे उभ्या आहेत आणि आपण अंधारात डास मारत बसायचं, हे काही पटेना.

नेक्सॉनच्या नव्या मॉडेलांत, म्हणजे २०२३ च्या फेसलिफ्टपासून, व्हीटूएल आहे, ३.३ केव्हीएपर्यंत. हॅरिअर ईव्हीला ६ केव्हीए देतात, आयोनिक ५ ला ३.६ किलोवॅट. इथं एक मोठा गैरसमज आधी मोडतो. भिंतीवरचा चार्जर याच्यात काहीही करत नाही. डबा उलटा चालत नाही. लाइट गेली की गाडी आपोआप घराला वीज देईल असं ज्यांना वाटतं ते जपान-अमेरिकेचे व्हिडिओ बघून आलेले असतात. जपानमधे २०११ च्या भूकंपानंतर निसान लीफला घराशी जोडायचे बॉक्स निघाले, २०१२ पासून, पण ते दोन्ही दिशांनी चालणारे खास बॉक्स आणि कनेक्टरही वेगळा, चाडेमो. आपल्याकडच्या गाड्यांचा कनेक्टर सीसीएस टू, त्यांना तसं करायचं तर ज्या स्टँडर्डवर सगळी मदार आहे ते २०२२ मधे आलंय, आणि गाडी, बॉक्स, मीटर तिघांनी ते पाळायला पाहिजे. नाशकातल्या शोरूममधे असा बॉक्स मागितला तर सेल्समन आपल्याकडंच बघत बसतो.

व्हीटूएलला फक्त एक अडॅप्टर असतं, गाडीच्या चार्जिंग पोर्टमधे घुसवायचं, दुसऱ्या टोकाला साधा सॉकेट, गाडीच्या स्क्रीनवर चालू करायचं, २३० व्होल्ट हजर. अडॅप्टर स्वस्तातलं ऑनलाइन मिळतं पण जपून, प्लगमधल्या पीपी पिनवरच्या रेझिस्टरवरून गाडी ओळखते की हा चार्जर आहे की व्हीटूएल, आणि ती किंमत सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. भावजींच्या गाडीसाठी मागवलेलं माझ्या गाडीनं ओळखलंच नाही. टाइप टू आहे म्हणून खोचलं जातं, चालेलच असं नाही. चार्जिंगला जेवढी सरमिसळ चालते तेवढी इथं नाही, गाडीच्या कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी दिलेलंच घ्या.

चाललं काय काय? फ्रिज, बीएलडीसी पंखे (तीसेक वॅटचे, जुने असतील तर पंचाहत्तर), सगळे एलईडी, वायफाय, टीव्ही, दोन लॅपटॉप, हे सगळं मिळून चारशे वॅटच्या आतबाहेर. गाडीला हे काहीच नाही. रात्रभर, दहा तास, चार युनिट, त्यात गाडीचं स्वतःचं खाणं आणि रूपांतराचं नुकसान धरा, बॅटरी दहा-बारा टक्क्यांनी उतरते. सकाळी मिक्सर चालला, चटणी झाली. इन्व्हर्टर एसी दीड टनाचा चालला, तो हळू सुरू होतो म्हणून. गीझर २ किलोवॅटचा एकटा चालतो, सोबत मायक्रोवेव्ह लावला की गाडीनं सप्लाय तोडलाच. आणि आईची घरघंटी, तिथं मात्र झालं नाटक. आई म्हणे लाइट येईस्तोवर थालीपिठाची भाजणी दळून घेते, एक एचपीची मोटर, कागदावर ७५० वॅट, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहापट ओढते. खट्, सगळं बंद. स्क्रीनवर जाऊन परत चालू केलं, आई परत "आता लावू का रे?" परत खट्. टाकीच्या एक एचपीच्या पंपाचं पण तेच, कधी उचलतो कधी नाही, बाकी सगळं बंद ठेवलं तर उचलायची शक्यता जास्त. मोटरवाल्या वस्तूंचा चालू वॅटेज वाचून भरवसा ठेवू नका.

सुरुवातीला खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड आत घ्यायचो, त्याच्यातून डास आत आणि फ्रिजची वायर बाहेर ओढ. मग डोक्यात आलं की इन्व्हर्टरचा मेन्सचा प्लगच गाडीवर का लावू नये, इन्व्हर्टरला वाटेल लाइट आली, तो घरातले पंखे-दिवे थेट देईल आणि बॅटरी पण भरत राहील. कल्पना भारी आहे पण नुसता प्लग हलवून होत नाही, कारण बऱ्याच घरांत इन्व्हर्टरचा फेज तेवढा वेगळा ओढलेला असतो आणि न्यूट्रल घराचा कॉमन. प्लग गाडीवर नेला की फेज गाडीचा आणि न्यूट्रल महावितरणचा, सर्किट पूर्णच होत नाही, आणि कोणी दोन्ही न्यूट्रल जोडून 'जुगाड' केला तर आणखी धोक्याचं. काकांनी इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल पूर्ण वेगळा केला आणि दोन पोलचा चेंजओव्हर टाकला, एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला गाडी, मधे बंद. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात, दोन्ही सप्लाय एकमेकांना कधीच भेटत नाहीत. गाडीचा सप्लाय अर्थशी बांधलेला नसू शकतो, टेस्टर दोन्ही बाजूला मिणमिणतो आणि घरचा आरसीसीबी अशा सप्लायवर ट्रिप होईलच याची खात्री नसते, म्हणून त्या बाजूचं पण त्यांनी वेगळं बघितलं. हे सगळं माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, व्हिडिओ बघून नाही.

आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून घराच्या एखाद्या सॉकेटमधे गाडीचा करंट सोडायचा प्रकार काही जण करतात, तो करू नका, कृपा करून. मेन बंद करायला विसरलात तर तो करंट मीटरमधून बाहेर डीपीकडं जातो, ट्रान्सफॉर्मर उलटा चढवतो, आणि बंद लाइन समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात हजारो व्होल्ट येतात. तसं नाही झालं तरी लाइट परत आली की दोन्ही सप्लाय भिडून गाडीचं महागाचं मशीन उडणार, आणि वायरचं मोकळं टोक हातात आलं तर तिथंच खेळ.

शेजारच्यांनी पीएम सूर्यघरमधून छतावर ३ किलोवॅट सोलर बसवलंय, ७८ हजार सबसिडी मिळाली, खूश आहेत, त्यांचा प्रश्न असा की लाइट गेल्यावर गाडी आणि सोलर दोन्ही मिळून घर चालवतील का. नाही. नेट मीटरिंगचा साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेली की मुद्दाम बंद होतो, वायरमनच्याच जिवासाठी, आणि त्याला गाडीचा सप्लाय दाखवून फसवायला जाऊ नका, वापरापेक्षा जास्त झालेली सोलरची वीज गाडीत उलटी घुसायला बघेल आणि व्हीटूएल त्यासाठी बनवलेलंच नाही. मावसभावाची द्राक्षबाग आहे पिंपळगावला, त्याचा वेगळाच हिशोब, रात्रपाळीच्या लाइटला कंटाळून तो म्हणे तुझी गाडी घेऊन ये, विहिरीवरची ५ एचपीची मोटर चालवू. अरे बाबा ती थ्री फेज, ही सिंगल फेज, आणि ५ एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट, सुरू होतानाचं सोडूनच दे. त्याच्या शेडमधले दिवे, मोबाइल आणि फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्या चार्ज करायला मात्र मस्त उपयोग झाला.

बॅटरी खराब होईल का हे सगळेच विचारतात. माझं मत, नाही होणार, निदान काळजी करण्याइतकी नाही. घाटात मोटर शंभर किलोवॅटच्या घरात ओढू शकते, त्याच्यापुढं अर्धा किलोवॅट म्हणजे बॅटरीला कळत पण नसेल. नऊ युनिट घराला दिले म्हणजे साठेक किलोमीटर गाडी चालवल्यासारखं झालं, तेवढंच. रोज रात्री दर वाचवायला म्हणून घर गाडीवर चालवायचं असेल तर वेगळं, ते मी करत नाही, रूपांतरात जाणारी वीज धरली तर परवडत पण नाही.

अर्धा मार्क कुठं गेला ते राहिलं. पोर्ट एकच आहे, त्यामुळं चार्जिंगची गन काढून अडॅप्टर लावायचं, लाइट आली की उलटं, आणि हे सगळं हातानं, रात्री दोनला, पावसात. पोर्चला पत्रा आहे म्हणून आमचं निभतं, उघड्यावर गाडी असेल तर अडॅप्टरचा सॉकेट कोरडा ठेवायची काहीतरी सोय आधी करा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मधली दहा मिनिटं सांभाळते म्हणून ती मी काढली नाही आणि काढू पण नका. दुसरं, गाडी घरी असली पाहिजे. मी मुंबईला गेलेलो असताना इथं लाइट गेली तर घरच्यांना गाडीचा काय उपयोग. आणि तिसरं, उद्या सकाळी कसारा उतरायचाय आणि आज रात्री लाइट गेली, तर घराला किती टक्के द्यायचे यावरून नवरा-बायकोत जे बोलणं होतं ते कुठल्या मॅन्युअलमधे नाही. आमच्याकडं सध्या ठरलंय, पन्नासच्या खाली उतरवायची नाही, आणि घरघंटी लाइट आल्यावरच.